विद्युत् विमान : उपगमन व अवतरण

विद्युत् घटमालेत साठविलेल्या ऊर्जेवर चालणारे चलित्र (मोटर) ज्याचा पंखा फिरविते, असे हलके विमान धावपट्टीच्या रोखात आणणे, ठराविक उतारावरून खाली उतरविणे व शेवटी जमिनीवर टेकविणे या क्रियांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. धावपट्टीच्या दिशेने उतरत येण्याच्या क्रियेस उपगमन व प्रत्यक्ष टेकण्याच्या क्रियेस अवतरण म्हणतात. उड्डाणाच्या एकूण कालावधीचा हा अगदी छोटा अंश असला, तरी वैमानिकाच्या कौशल्याची कसोटी मुख्यतः येथेच लागते. विमानाच्या पंखांशी गोंधळ होऊ नये म्हणून पुढे चलित्राने फिरणाऱ्या पंख्याला ‘प्रचालक’ म्हटले आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन एंजिनाचे विमान आणि विद्युत् विमान यांच्या अवतरणाची भूमिती सारखीच असते. पंख, वारा आणि गुरुत्वाकर्षण यांना विमानातील ऊर्जा कशात साठविली आहे याच्याशी कर्तव्य नसते. फरक आहे तो हिशेबाचा. एंजिनाच्या विमानात उपगमन बिघडले, तर वैमानिक शक्ती वाढवून पुन्हा वर जातो व नव्याने प्रयत्न करतो. या क्रियेला पुनरारोहण म्हणतात. विद्युत् विमानालाही ते करता येते, परंतु अशा प्रत्येक पुनरारोहणाची किंमत शिल्लक ऊर्जेच्या मोठ्या भागाने मोजावी लागते. उतरण्याचा निर्णय घेताना ‘हा प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी पुरेसे शिल्लक आहे काय’ हा प्रश्न विद्युत् विमानाच्या वैमानिकाला आधीच सोडवून ठेवावा लागतो. तंत्रातील बहुतेक वेगळेपण या एका गोष्टीतून उद्‌भवले आहे.

इतिहास : माणसाला वाहून नेणाऱ्या विद्युत् विमानाचे पहिले उल्लेखनीय उड्डाण २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात झाले. हाइनो ब्रडिट्‌श्का यांनी एका मोटर-ग्लायडरात निकेल-कॅडमियम घटमाला व विद्युत् चलित्र बसवून ते सु. नऊ मिनिटे हवेत ठेवले. त्या काळच्या घटमाला इतक्या जड होत्या, की पुढील तीन दशके हा विषय प्रयोगशील मंडळींपुरताच मर्यादित राहिला. लिथियम-आयन घटमालांच्या प्रसारानंतर चित्र पालटले. भारतीय वाचकांना स्मरत असलेला प्रसंग म्हणजे ‘सोलर इंपल्स २’ या सौर विमानाचे १० मार्च २०१५ रोजी मस्कतहून अहमदाबादेस झालेले आगमन. सु. ७२ मी. पंखविस्ताराचे, पण अवघे सु. २,३०० किग्रॅ. वजनाचे हे विमान इतक्या संथ गतीने उतरत असे, की ते टेकताच त्याचे पंख कलू नयेत म्हणून विद्युत् सायकलींवरील सहायक त्याच्या बरोबरीने धावत. अवतरणाचे इतके सौम्य उदाहरण विमानविद्येत विरळाच.

प्रशिक्षणासाठी उपयोगी अशा लहान विमानांत स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीचे ‘वेलिस इलेक्ट्रो’ हे दोन आसनी विमान महत्त्वाचे आहे. यूरोपीय विमान सुरक्षा संस्थेने जून २०२० मध्ये त्याला नमुना प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र मिळविणारे ते पहिले संपूर्ण विद्युत् विमान होय. त्याचे कमाल उड्डाण वजन ६०० किग्रॅ., रिकाम्या विमानाचे वजन (घटमालांसह) ४२८ किग्रॅ., पंखविस्तार १०.७१ मी. आणि चलित्राची कमाल शक्ती ५७.६ किवॉ. आहे. राखीव ऊर्जा वगळता ते सु. ५० मिनिटे उडू शकते. पुढील विवेचनात आकडेमोडीसाठी हेच विमान नमुना म्हणून घेतले आहे. भारतात बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान पूर्वीच विकसित केले असून ‘ई-हंसा’ या त्याच्या विद्युत् आवृत्तीच्या विकासाची घोषणा मे २०२५ मध्ये करण्यात आली.

उपगमनाची भूमिती : उतरू इच्छिणारे विमान सामान्यतः धावपट्टीभोवती एक आयताकार फेरी घेते. या फेरीची उंची जमिनीपासून सु. ३०० मी. असते. प्रथम विमान वाऱ्याच्या दिशेने, धावपट्टीला समांतर जाते. नंतर काटकोनात वळते व शेवटी पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीच्या रोखात, वाऱ्याला सामोरे येते. हा शेवटचा टप्पा म्हणजे अंतिम पल्ला. मोठी प्रवासी विमाने सु. ३ अंशांच्या उतारावरून येतात. म्हणजे दर किलोमीटर अंतराला ती सु. ५२ मी. खाली येतात. हलकी विमाने पुष्कळदा याहून तीव्र उतार पसंत करतात. चलित्र बंद पडले तरी धावपट्टी गाठता यावी, हे त्यामागचे कारण होय.

अंतिम पल्ल्यावर वैमानिकापुढे दोन गोष्टी असतात : वेग आणि उतार. विमानाचे नाक थोडे वरखाली करून वेग व चलित्राची शक्ती कमीजास्त करून उतार साधावयाचा, असा जुना शिरस्ता आहे. प्रत्यक्षात दोहोंचा परिणाम एकमेकांत मिसळलेला असतो. धावपट्टीचे टोक समोरच्या काचेत एकाच जागी स्थिर दिसत असेल, तर विमान नेमके तेथे पोहोचणार असे समजावे. ते काचेत वर सरकू लागले, तर विमान अलीकडे पडणार. खाली सरकू लागले, तर पलीकडे जाणार. ही साधी खूण कोणत्याही उपकरणाहून अधिक विश्वासार्ह मानली जाते.

विद्युत् चलित्राचा एक मोठा गुण येथे उपयोगी पडतो. शक्तीचा दांडा पुढे ढकलताच परिबल जवळजवळ तत्काळ मिळते. एंजिन थंड पडणे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे, मिश्रणाचे प्रमाण चुकणे यांसारख्या उतरतानाच्या जुन्या चिंता येथे उरत नाहीत. उलट एक परिचित साधन मात्र हरवते, ते म्हणजे आवाज. अनुभवी वैमानिक एंजिनाच्या घरघरीवरून शक्तीचा आणि वाऱ्याच्या सळसळीवरून वेगाचा अंदाज घेत असतो. विद्युत् विमानात पहिला आवाज अगदी क्षीण असल्याने नवशिक्याला वेगमापकाकडे व शक्तिदर्शकाकडे अधिक वेळा पाहावे लागते. जमिनीवर काम करणाऱ्यांनाही विमान जवळ आल्याची चाहूल उशिरा लागते.

वेगाचा हिशेब : पंखांवरील हवेचा प्रवाह सुटून उत्थापन एकाएकी ढासळते, त्या वेगाला वैमानिक ‘स्टॉल’चा वेग म्हणतात. नमुन्याच्या विमानात फ्लॅप खाली असता तो सु. ४५ नॉट आहे. अंतिम पल्ल्यावरील वेग त्याच्या सु. १.३ पट राखण्याचा संकेत आहे. म्हणजे येथे सु. ६० नॉट (ताशी सु. १११ किमी.). वारा झोतांनी वाहत असेल, तर त्यात थोडी भर घालतात; परंतु ही भर घालताना हात सढळ ठेवणे चांगले नाही, याचे कारण पुढीलप्रमाणे आहे.

विद्युत् विमानाची अंगलट घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते, कारण घटमालेतील तुटपुंजी ऊर्जा हवेच्या विरोधात खर्ची पडणे परवडत नाही. नमुन्याच्या विमानाचे सरक-गुणोत्तर सु. १५ आहे, म्हणजे शक्ती बंद असता एक मीटर उंची गमावून ते १५ मी. पुढे जाते. जाताना वरदान ठरणारा हा गुण उतरताना अडचणीचा होतो. वैमानिक ६० ऐवजी ७० नॉट वेगाने धावपट्टीच्या टोकावर आला असे समजू. या दहा नॉटांतील जादा गतिज ऊर्जा सु. १७ मी. उंचीइतकी भरते. पंधराच्या गुणोत्तराने तेवढी ऊर्जा खर्ची पडण्यास सु. २६० मी. अंतर लागेल. जमिनीलगत, पंखविस्ताराच्या निम्म्याहून कमी उंचीवर, हवेचा विरोध आणखी घटतो व तरंगणे आणखी लांबते. मुंबईच्या जुहू विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांची लांबी सु. १,१४० मी. व सु. ७३० मी. आहे. पहिलीवर ही चूक खपून जाईल. दुसरीवर धावपट्टीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग विमान टेकण्यापूर्वीच मागे पडेल.

म्हणून फ्लॅप वेळेवर व पुरते खाली घेणे, ते पुरेसे नसल्यास विमान किंचित आडवे धरून (एक पंख खाली व सुकाणू विरुद्ध बाजूस) उंची झटकन कमी करणे, या उपायांचा सराव विद्युत् विमानाच्या वैमानिकाने आवर्जून केला पाहिजे. मात्र सर्वच प्रकारच्या विमानांना फ्लॅप खाली असता आडवे सरकण्याची परवानगी नसते. त्या त्या विमानाच्या पुस्तिकेतील मर्यादा निर्णायक समजाव्यात.

वजनाचीही एक बाब आहे. पेट्रोलचे विमान तासाभरात साधारण १५ ते २० किग्रॅ. इंधन जाळून तेवढे हलके होते. घटमाला रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. विद्युत् विमान ज्या वजनाने उडते त्याच वजनाने उतरते. त्यामुळे अंतिम पल्ल्याचा वेग उड्डाणागणिक फारसा बदलत नाही. शिकविण्याच्या दृष्टीने ही सोय आहे. चाकांच्या व ब्रेकांच्या दृष्टीने नाही.

पुनरारोहणाची किंमत : ३०० मी. उंचीवर ६०० किग्रॅ. वजनाच्या विमानात साठलेली स्थितिज ऊर्जा जेमतेम अर्धा किलोवॉट-तास भरते. प्रत्यक्षात तेथवर चढण्यास याहून पुष्कळ अधिक ऊर्जा लागते, कारण प्रचालकाची अकार्यक्षमता व हवेचा विरोध यांतही ती खर्ची पडते. नमुन्याचे विमान सेकंदाला सु. ३.३ मी. वेगाने चढते. म्हणजे ३०० मी. चढण्यास दीड मिनिट, सु. ५० किवॉ. शक्तीने या दीड मिनिटात सव्वा किलोवॉट-तास खर्च होतो. पुढील फेरी व नवे उपगमन यांसाठी आणखी सु. एक किलोवॉट-तास धरला, तर एका फसलेल्या प्रयत्नाची किंमत सव्वादोन किलोवॉट-तासांच्या आसपास येते. या वर्गातील विमानांच्या घटमालांची क्षमता एकूण २० ते २५ किलोवॉट-तास असते. पूर्ण भरलेल्या घटमालेचा सु. दहावा भाग एका पुनरारोहणात संपतो, आणि उड्डाणाच्या अखेरीस घटमाला पूर्ण भरलेली नसतेच. तुलनेसाठी पाहता, अशाच आकाराच्या पेट्रोल विमानात हीच क्रिया लिटरभर इंधनात उरकते आणि टाकीत शंभर लिटरांच्या घरात इंधन मावते. मूळ कारण उघड आहे : एका किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सु. १२ किलोवॉट-तास उष्णता असते. एंजिन तिचा चौथा हिस्साच उपयोगात आणू शकले, तरी तेवढेच वजन असलेल्या घटमालेच्या मानाने ती पंधरा-वीस पट भरते.

यात आणखी एक गुंतागुंत असते. घटमाला रिती होत जाते तसा तिचा विद्युत् दाब उतरतो, आणि तोच दांडा पूर्ण पुढे ढकलला तरी आधीइतकी शक्ती मिळत नाही. पेट्रोलची टाकी तळाला गेली तरी शेवटच्या थेंबापर्यंत एंजिन पूर्ण शक्ती देते. घटमाला तसे करीत नाही. वैमानिकाला जेव्हा पूर्ण शक्तीची सर्वांत जास्त निकड असते, नेमकी तेव्हा ती सर्वांत कमी उपलब्ध असण्याचा संभव असतो. यास्तव दर्शकावरील शेकडा आकडा पाहून ‘अजून एवढे मिनिट उडता येईल’ असा हिशेब करण्यापेक्षा ‘अजून किती वेळा वर जाता येईल’ असा हिशेब करणे योग्य. दोन पुनरारोहणे करता येतील अशा अवस्थेत पहिल्या उपगमनास प्रारंभ करावा, आणि एकच उरेल अशा अवस्थेत धावपट्टीपासून दूर असू नये, असा व्यवहार्य नियम यातून निघतो. प्रमाणपत्रातील व देशोदेशींच्या नियमांतील राखीव ऊर्जेच्या अटी याहून वेगळ्या भाषेत लिहिलेल्या असल्या, तरी त्यांचा रोख हाच असतो.

चलित्र बंद पडल्यास : सरक-गुणोत्तराचा अर्थ कागदावर स्पष्ट होत नाही, तो नकाशावर पाहावा लागतो. मुंबई बेटाच्या पूर्व भागात वडाळ्याजवळ अँटॉप हिल ही लहानशी टेकडी आहे. तिच्यापासून जुहू विमानतळ उत्तर-वायव्येस सरळ रेषेत सु. ९ किमी. अंतरावर येतो. मुंबईवरील आकाश प्रवासी विमानांनी व्यापलेले असल्याने येथे प्रशिक्षणाची उड्डाणे होत नाहीत, परंतु अंतराच्या अंदाजासाठी हे उदाहरण सोयीचे आहे. या टेकडीवर ६०० मी. उंचीवर असता चलित्र थांबले असे कल्पू. वैमानिकाने तत्काळ सर्वोत्तम सरक-वेग (येथे सु. ६४ नॉट) धरला, तर वारा नसताना विमान ९ किमी. जाईल, धावपट्टीचे टोक कसेबसे गाठेल, पण वळण्यासाठी काहीच उंची उरणार नाही. आता दुपारचा समुद्रावरून येणारा वारा वायव्येकडून १५ नॉटांनी वाहतो असे धरू. हवेच्या सापेक्ष विमान तेवढेच सरकेल, पण जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ४९ नॉटच राहील आणि पल्ला सु. ७ किलोमीटरांवर येईल. धारावी व वांद्रे मागे टाकून ते सांताक्रूझच्या दाट वस्तीवर खाली येईल. उंची, वारा व वस्ती या तिहींचा विचार चलित्र चालू असतानाच का करावा लागतो, हे यावरून ध्यानात येते.

ही भीती केवळ कल्पनेतील नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉर्वेत ‘आल्फा इलेक्ट्रो’ जातीच्या दोन आसनी विमानाची शक्ती विमानतळाकडे परत येत असता नष्ट झाली व ते एका तळ्यात उतरवावे लागले. विमानातील दोघेही बचावले. चलित्रात हलते भाग थोडे असल्यामुळे ते एंजिनापेक्षा भरवशाचे असते हे खरे. परंतु घटमाला, शक्तिनियंत्रक, शीतन यंत्रणा आणि त्यांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिकी ही सर्व साखळी धरली, तर भरवशाचा प्रश्न तितकासा सोपा राहत नाही.

अशा प्रसंगाची सर्वांत चांगली तयारी ग्लायडरवर होते, असे म्हणण्यास आधार आहे. ग्लायडरच्या वैमानिकाला पुनरारोहण ठाऊकच नसते; प्रत्येक अवतरण पहिल्याच प्रयत्नात साधावे लागते. तो उंची हीच पुंजी मानतो आणि ती कोठे व किती खर्च करावयाची हे फेरीच्या प्रारंभापासूनच ठरवितो. पुण्याजवळ हडपसर येथील सरकारी ग्लायडिंग केंद्रात १९५० पासून हे शिक्षण दिले जात आले आहे. विद्युत् विमानांचा प्रसार आपल्याकडे होईल तेव्हा या जुन्या शिक्षणाचे मोल नव्याने वाढेल, असे वाटते.

प्रचालकाकडून ऊर्जेची वसुली : उतरताना वाऱ्याच्या रेट्याने प्रचालक फिरू द्यावा व चलित्राला जनित्र बनवून घटमालेत थोडी ऊर्जा परत भरावी, ही कल्पना आकर्षक आहे. ‘आल्फा इलेक्ट्रो’च्या निर्मात्यांनी प्रत्येक उपगमनात सु. १३ टक्के ऊर्जा परत मिळते असे म्हटले होते. वर दिलेल्या हिशेबानुसार ३०० मी. उंचीतील सगळीच ऊर्जा अर्धा किलोवॉट-तास असल्याने आणि तिचा बराच भाग हवेच्या विरोधात जाणार असल्याने, वसुलीची कमाल मर्यादा आधीच ठरलेली आहे. तीतून पुनरारोहण होत नाही. तिचा खरा उपयोग दुसराच आहे : जनित्र बनलेला प्रचालक विमानाला मागे ओढतो आणि गुळगुळीत विमानाला जो ब्रेक नव्हता तो मिळतो. दांडा शून्याच्या मागे घेतला की उतार तीव्र होतो, पुढे घेतला की सौम्य होतो. प्रत्येक विद्युत् विमानात ही सोय असतेच असे नाही. आणि जेथे असते तेथे अगदी जमिनीलगत तिचा वापर टाळतात, कारण विमान एकाएकी बसू लागते.

चलित्र पूर्ण थांबविलेले असता प्रचालक स्थिर राहतो की वाऱ्याने फिरत राहतो, यावरही हवेचा विरोध अवलंबून असतो. पेट्रोलच्या एंजिनात दांडा मागे घेतला तरी थोडा रेटा शिल्लक राहतो व वैमानिकाच्या डोळ्याला त्या उताराची सवय झालेली असते. विद्युत् विमानात दांडा शून्यावर म्हणजे रेटाही शून्यावर. एका जातीच्या विमानावरून दुसऱ्यावर येणाऱ्या वैमानिकाची पहिली काही अवतरणे यामुळे ठरल्या जागेच्या अलीकडे वा पलीकडे होतात.

हवामान व महाराष्ट्रातील परिस्थिती : समुद्रसपाटीपासून सु. ५९० मी. उंचीवरील पुण्यात उन्हाळ्यातील ३८° से. तापमानाला हवा इतकी विरळ असते, की वेगमापक तोच आकडा दाखवीत असता विमानाचा खरा वेग सु. ८ टक्क्यांनी अधिक असतो आणि टेकल्यानंतरची धाव सु. १६ टक्क्यांनी लांबते. विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते. चलित्राची घटत नाही, हा विद्युत् विमानाचा फायदा होय. पण पंख व प्रचालक यांना मात्र तीच विरळ हवा मिळते. शिवाय त्या तापमानाला घटमालाही तापलेली असते, आणि जोराच्या चढणीत ती आणखी तापते. घटमालेच्या तापमानाने मर्यादा गाठली, तर ऊर्जा शिल्लक असूनही पूर्ण शक्ती वापरता येत नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण जेथे चालते त्या धुळ्यास, तसेच बारामती, नागपूर व गोंदिया येथील प्रशिक्षण केंद्रांवर उन्हाळ्यात सकाळच्या वेळी फेऱ्या उरकण्याची प्रथा पेट्रोल विमानांच्या काळापासून आहे. विद्युत् विमानांना ती अधिकच लागू पडेल.

जुहूच्या इतिहासातील काही प्रसंग अवतरणाच्या दृष्टीने बोधक आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ‘पस मॉथ’ विमानाने येथे उतरले, तेव्हा जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची सपाट जमीन होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत टपालाची विमाने पुण्यास येरवड्याजवळ उतरवीत. पुढे जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला. दोन्ही ठिकाणच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या असल्याने १९५३ मध्ये एक ‘कॉमेट’ व १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक ‘डीसी-८’ ही जेट विमाने सांताक्रूझ समजून जुहूस उतरली. दुसरे तर धावपट्टी ओलांडून पुढे गेले. आपण पाहतो ती धावपट्टी आपलीच आहे याची खातरी अंतिम पल्ल्यावर वळण्यापूर्वीच करून घ्यावी, हा धडा त्यात आहे. ज्याला एकदाच वर जाणे परवडते अशा विद्युत् विमानाच्या वैमानिकाने तो विशेष लक्षात ठेवावा.

किनाऱ्यालगत दुपारचा खारा वारा सरळ धावपट्टीवरून वाहील असे नाही. बाजूच्या वाऱ्यात विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून येणे व टेकण्याच्या क्षणी सुकाणूने ते धावपट्टीच्या रोखात आणणे ही एक रीत. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून येणे ही दुसरी. लांब पंखांच्या हलक्या विमानात दुसऱ्या रीतीने पंखाचे टोक जमिनीला फार जवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

टेकणे व त्यानंतर : धावपट्टीच्या टोकावरून आत येताच शक्ती शून्यावर आणून, जमिनीपासून काही मीटरांवर असता नाक हळूहळू वर घेतात. विमान आता उतरणे थांबवून जमिनीला समांतर तरंगते. वेग घटतो, नाक आणखी वर घ्यावे लागते, आणि उत्थापन अपुरे पडू लागताच मागची दोन चाके टेकतात. पुढचे चाक नंतर आपोआप खाली येऊ द्यावयाचे असते. ते आधी टेकले तर विमान उसळते. उसळलेले विमान नाक दाबून खाली आणण्याचा प्रयत्न करणे ही नवशिक्याची नेहमीची व महागडी चूक होय. थोडी शक्ती देऊन विमान सावरावे, अथवा पुढे पुरेशी धावपट्टी नसेल तर पुनरारोहण करावे. विद्युत् चलित्राची तत्काळ मिळणारी शक्ती अशा वेळी फार उपयोगी पडते. ऊर्जेच्या काटकसरीपायी या क्षणी दांडा पुढे ढकलण्यास कचरणे मात्र धोक्याचे आहे. काटकसर उपगमनाच्या आधी करावयाची असते, उसळलेल्या विमानात नव्हे.

विमान थांबल्यावर एक वेगळाच धोका असतो. एंजिनाचा प्रचालक फिरत असेल तर दिसतो आणि ऐकूही येतो. विद्युत् विमानाचा प्रचालक निश्चल व निःशब्द उभा असूनही चलित्र सज्ज असू शकते, आणि दांड्याला चुकून धक्का लागल्यास तो क्षणात फिरू लागतो. म्हणून चलित्राचा विद्युत् प्रवाह मुख्य खटक्याने तोडल्याशिवाय व तसे दर्शविणारा दिवा विझल्याशिवाय कोणालाही विमानाच्या पुढील भागाकडे येऊ देत नाहीत. त्यानंतर घटमालेचे तापमान पाहिले जाते. ते उतरेपर्यंत भारण सुरू करता येत नाही, आणि पूर्ण भारणास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. दिवसाकाठी एका विमानाची किती उड्डाणे होतील हे त्यामुळे शिष्यांच्या संख्येपेक्षा सावली, वारा आणि भारणकेंद्राची शक्ती यांवरच अधिक अवलंबून राहते.